थ्री-जॉ, फोर-जॉ आणि घड्याळाचा काटा

मागच्या महिन्यात आमच्या वर्कशॉपमध्ये एक मुलगा कामाला लागला. डिप्लोमा झालेला, एकोणीस-वीस वर्षांचा, हात अजून स्वच्छ. कुठेतरी सहा महिने सीएनसीवर काढून आला होता, त्यामुळे चेहऱ्यावर थोडा आत्मविश्वास होता. तो असावाच. मी त्याला कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर उभं केलं. बीडाचं एक वेडंवाकडं कास्टिंग बांधायचं होतं, म्हणून लेथवर फोर-जॉ चक चढवलेला होता. पोराने चावी घातली, फिरवली. एकच जबडा हलला. पुन्हा फिरवली. पुन्हा तोच एक. मग त्याने वाकून चककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, हा खराब आहे. बाकीचे तीन येतच नाहीत."

मी हसलो नाही. (हसू आलं होतं, खोटं कशाला बोला.) हसलो नाही कारण तीसेक वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यात मी ट्रेनी इंजिनियर म्हणून लागलो, तेव्हा माझी अक्कल याहून फार वेगळी नव्हती. फरक एवढाच की मला समजावणारे एक मिस्त्री होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कामावर हात बसलेले, सातवी पास. मला "साहेब" म्हणायचे आणि त्या "साहेब"मध्ये जेवढं मीठ घालता येईल तेवढं घालायचे.

तर आजचा विषय चक. लेथचा चक. ज्यांचा लेथशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो, बाकीच्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

लेथ म्हणजे आडवं केलेलं कुंभाराचं चाक समजा. फिरतो तो जॉब, म्हणजे ज्याला आकार द्यायचा तो लोखंडाचा किंवा पितळेचा तुकडा. हत्यार मात्र जागेवर धरलेलं असतं आणि मागेपुढे सरकतं. तुमच्या घरातलं लाटणं असंच झालेलं आहे, लेथवर दोन टोकांना दोन सुयांसारख्या सेंटरमध्ये लाकूड धरून. पण प्रत्येक वस्तू दोन टोकांना धरता येत नाही. ज्याला आतून भोक पाडायचं आहे, ज्याचं तोंड सपाट करायचं आहे, त्याला एकाच बाजूने पकडावं लागतं. ती पकडणारी मूठ म्हणजे चक.

आता माझा मुद्दा. चकला दोन कामं असतात. एक, जॉब घट्ट धरायचा. दोन, जॉबचा मध्य लेथच्या मध्यावर आणायचा. ही दोन कामं वेगळी आहेत. थ्री-जॉ चक ही दोन्ही कामं एका चावीच्या फेऱ्यात करून देतो, आणि म्हणूनच ती वेगळी आहेत हे आपण विसरतो. माझं म्हणणं असं की ज्या पोराला लेथ शिकायचा आहे त्याच्या हातात पहिले तीन महिने थ्री-जॉ देऊच नये. आमच्या धंद्यातली निम्मी मंडळी हे वाचून मला वेड्यात काढतील, माझा भागीदार तर रोजच काढतो. पण जरा ऐकून घ्या.

थ्री-जॉला मी नावं ठेवतोय असं मात्र समजू नका. तो माणसाने केलेल्या सुंदर वस्तूंपैकी एक आहे. कामाला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मिस्त्रींनी मला एक जाम झालेला चक उघडायला लावला होता. रॉकेलच्या टबात बसून, नवा शर्ट घालून. आत काय असतं? एक जाडजूड तबकडी. तिच्या पाठीवर तिरके दात, बेव्हल गियरचे. चावी घालायच्या भोकांच्या आत तसेच दात असलेली तीन छोटी पिनियन. चावी फिरवली की पिनियन फिरतं, पिनियन तबकडी फिरवतं. आणि तबकडीच्या पुढच्या अंगाला असते चकली. खरीच, सोऱ्यातून पाडल्यासारखी एक सपाट चकली लोखंडात कोरलेली. इंग्रजीत स्क्रोल. गणितात तिला आर्किमिडीजची सर्पिल रेषा म्हणतात. तिचा गुण असा की मध्यापासून बाहेर जाताना प्रत्येक वेढ्यात ती सारख्याच अंतराने सरकते. तिन्ही जबड्यांच्या पाठीवर दात असतात, ते या चकलीच्या वेढ्यांमध्ये बसतात. चकली फिरली की तिन्ही जबडे एकाच वेळी, सारखेच, आत किंवा बाहेर. तीन जबडे मध्यापासून सारख्या अंतरावर आले की त्यांच्यात अडकलेला गोल बार आपोआप मध्यावर.

मी तो चक साफ करून जोडला, ऐटीत जबडे सरकवले आणि पाहतो तर तिन्ही जबडे मध्यावर येऊन एकमेकांना भेटायच्या ऐवजी एक पुढे, एक मागे! मिस्त्री विडी ओढत बघत होते. म्हणाले, "साहेब, जबड्यावर आकडे कोरल्यात ते काय शोभेला व्हय?" चकली फिरत असताना तिचं टोक पहिल्या खाचेत आधी येतं, दुसरीत नंतर, तिसरीत त्याच्याही नंतर. म्हणून तिन्ही जबड्यांचे दात एकमेकांपासून तिसऱ्या हिश्श्याने सरकवून कापलेले असतात. एक नंबर एकच्या खाचेत, मग दोन, मग तीन. क्रम चुकला की संपलं. हे मला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेल, मी कँटीनला असेन.

ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या सायमन फेअरमन नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात असा चक केला आणि त्याच्या जावयाने, ऑस्टिन कुशमनने, तो जगाच्या गळी उतरवला. सासऱ्याचं डोकं आणि जावयाचा धंदा, असं यश मला वाटतं आपल्याकडच्या फार कमी घरांत बघायला मिळेल. असो.

आणि तीनच जबडे का? चुलीला तीन दगड का असतात, त्याच कारणासाठी. तीन दगडांवर कसलंही भांडं टेकतंच. चार दगड मांडले तर एक नेहमी अधांतरी राहतो, मग खालून खापरी सारावी लागते. गोल बार कधीच पूर्ण गोल नसतो, तरीही तीन जबडे तिन्ही ठिकाणी टेकतात.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता खोट.

चकलीची वक्रता बाहेरून आत येताना बदलत जाते. बाहेरचा वेढा मोठ्या वर्तुळाचा, आतला लहान. पण जबड्याच्या पाठीवरचे दात एकदाच कापलेले, ते काही वितळून बदलत नाहीत. त्यामुळे दात आणि चकली यांचा स्पर्श पूर्ण पृष्ठभागावर कधीच होत नाही, एखाद्या रेघेवर होतो. सगळा जोर त्या रेघेवर. त्यात आपल्याकडे चावीच्या दांड्यावर पाईप घालून लोंबकळायची पद्धत. (मी स्वतः घातला आहे. मिस्त्रींनी तो पाईप हिसकावून पत्र्याच्या छपरावर फेकला होता, महिनाभर तिथेच होता.) मग चकली झिजते, आणि सगळीकडे सारखी झिजत नाही, ज्या मापाचे जॉब जास्त धरले जातात तिथे जास्त झिजते. जबडे पुढच्या तोंडाला फाकतात, घंटेसारखे. जॉब मागे धरलेला असतो आणि पुढे नुसता पाहुणा असतो.

परिणाम असा की चांगल्या, नव्या थ्री-जॉमध्ये बार धरला तरी तो पाच ते आठ शतांश मिलिमीटर इकडेतिकडे फिरतो. म्हणजे साधारण डोक्याच्या केसाएवढा. जुन्या चकमध्ये त्याच्या दुप्पट-चौपट. आणि वीस मिलिमीटरच्या बारला जेवढी चूक येते तेवढीच पन्नासच्या बारला येईल असंही नाही. चूक एकसारखी असती तर माणसाने लक्षात ठेवली असती.

बरं, केसाएवढी चूक म्हणजे कितीतरी कामांत काहीच नाही. आणि एक गंमत आहे जी नव्या पोरांना समजायला वेळ लागतो. बार कितीही वाकडा धरला तरी, बाहेरून टर्निंग, आतून बोअरिंग, तोंडाचं फेसिंग हे सगळं जर एकाच बांधणीत केलं, तर जे जे कापलं ते सगळं एकमेकांशी तंतोतंत मध्यावर असतं. कारण हत्यार बारचा मध्य बघतच नाही, ते स्पिंडलचा मध्य बघतं. भंगारातला चक असला तरी पहिल्या दर्जाचा जॉब निघतो. घोळ होतो जॉब काढून, उलटा करून पुन्हा धरला की. पहिल्या बाजूचा मध्य एक, दुसऱ्या बाजूचा दुसरा. ज्याला हे कळलं तो कामाचा क्रमच असा लावतो की जॉब पुन्हा धरायची वेळ कमीत कमी येते. ज्याला नाही कळलं तो चकला शिव्या देतो.

आता फोर-जॉ. याचे चारही जबडे स्वतंत्र. प्रत्येकाला आपला आपला स्क्रू. चौकोनी, वेडंवाकडं, मुद्दाम मध्य सोडून धरायचं (क्रँकसारखं), काहीही धरता येतं. पकडही जास्त घट्ट, कारण प्रत्येक जबड्यामागे पूर्ण स्क्रू आहे. पण मध्य तो तुम्हाला देत नाही, तो तुम्ही काढायचा. मिस्त्री याला "जॉब खरा करणे" म्हणायचे. मला हा शब्द फार आवडतो. जॉब धरला म्हणजे खरा झाला असं नाही, तो खरा करावा लागतो.

पद्धत सांगतो. चकच्या तोंडावर वर्तुळं कोरलेली असतात, त्यांच्या अंदाजाने चारही जबडे साधारण सारखे आणायचे आणि जॉब हलकेच धरायचा. मग खडू घेऊन हाताने चक फिरवायचा, खडू जिथे लागेल ती बाजू उंच. तेवढं दुरुस्त केलं की डायल गेज लावायचं. मिस्त्री त्याला घड्याळ म्हणायचे. एक नंबरचा जबडा समोर आणा, काटा शून्यावर घ्या. चक अर्धा फिरवा, समोरचा जबडा येईल. आता काटा समजा चाळीस शतांश दाखवतो. इथे प्रत्येक नवशिका जबडा चाळीसने ढकलतो. आणि पलीकडे चाळीसची चूक तयार होते. कारण मध्य सरकलेला असतो वीसनेच, घड्याळाने दोन्ही बाजूंचा फरक मिळून चाळीस दाखवलेला असतो. फरकाच्या निम्मं सरकवायचं. खालची बाजू जराशी ढिली, उंच बाजू तेवढीच घट्ट. मग काटकोनातली दुसरी जोडी. मग पुन्हा पहिली, कारण दुसरी आवळताना पहिली थोडी हललेली असते. असं करत करत काटा झोपेला येतो.

पहिल्या दिवशी मला या कामाला एक तास दहा मिनिटं लागली. घामाघूम. मिस्त्रींनी मग जॉब ढिला केला, हाताने धक्का मारून वाकडा केला आणि म्हणाले, "आता परत." दिवसभर तेच. संध्याकाळपर्यंत मी पंचवीस मिनिटांवर आलो होतो. स्वतः मिस्त्री चार मिनिटांत करत. दोन चाव्या घेऊन, दोन्ही हातांनी समोरासमोरचे जबडे एकाच वेळी, एक ढिला एक घट्ट, जसं काही मोटार चालवताहेत.

हे सगळं शिकून मिळतं काय? वेळ जातो हे तर खरंच. पण हे करताना माणसाला कळतं की धातू दबतो. चावीला जरा जोर दिला की काटा हलतो, आणि तो नेहमीच जॉब सरकल्यामुळे हलतो असं नाही, कधी कधी जॉब चेपल्यामुळेही हलतो. लोखंड हे लोखंडासारखं कडक असतं हा समज त्या घड्याळासमोर पहिल्या आठवड्यात गळून पडतो. पकड म्हणजे दाब, आणि दाब म्हणजे आकार बदलणं. थ्री-जॉवर शिकलेल्या माणसाला हे कधी दिसतच नाही. मलाही तेव्हा पुरतं दिसलं नव्हतं. आता खरी गोष्ट सांगतो, जी सांगायची मी बरीच वर्षं टाळत आलो.

त्याच कारखान्यात, दोनेक वर्षांनी, मी शॉपचा इनचार्ज झालो होतो. गनमेटलच्या बुशांची ऑर्डर आली. बाहेरून अठ्ठावन्न, आतून पन्नास मिलिमीटर, म्हणजे भिंत जेमतेम चारची. एकशेवीस नग. मिस्त्री गावाकडे गेले होते, घरचं लग्न होतं. काम दिलं एका आयटीआय झालेल्या पोराला. शांत, कामसू पोरगा होता. बाहेरचं माप आधी तयार करून घेतलं होतं, याने थ्री-जॉमध्ये धरून फक्त आतून बोअर करायचं. पहिल्याच दिवशी एक बुश चकमध्ये फिरला, टूल तुटलं. मी जाऊन ओरडलो, "आवळून धर की! हातात जोर नाही का?" त्याने आवळून धरले. उरलेले सगळे.

प्रत्येक नग त्याने आतल्या मायक्रोमीटरने मोजला. मीही दर पाचवा नग मोजला. आडवं मोजा, उभं मोजा, तिरकं मोजा, माप बरोबर. इन्स्पेक्शनच्या कागदावर सही माझी. माल गेला आणि आठवड्याने परत आला. शाफ्ट आत जात नाही. आम्ही पुन्हा मोजलं, माप बरोबर. शाफ्ट मोजला, तोही बरोबर. चार शतांशाची फट असायला हवी होती, आणि शाफ्ट तोंडालाच अडकत होता. मालक भडकले. पोरगा म्हणत होता, "सर, मी मोजून दिलंय, तुम्ही पण मोजलंय." मालकांचं म्हणणं, मोजताना याने चलाखी केली असणार, काहीतरी लपवलं असणार. त्याचा पंधरा दिवसांचा पगार कापला. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मी तिथे उभा होतो. सही माझी होती, "आवळून धर" हे शब्द माझे होते. मी काही बोललो नाही. त्या वेळी मला कारण माहीत नव्हतं हे खरं, पण त्याने चलाखी केलेली नाही एवढं मला नक्की माहीत होतं.

मिस्त्री परतले, त्यांनी एक बुश हातात घेतला आणि बाहेरून अंगठा फिरवला. जबड्यांचे तीन हलके डाग होते. मग त्यांनी एका जुन्या बेअरिंगमधली गोळी काढली, ग्रीसने मायक्रोमीटरच्या एका तोंडाला चिकटवली आणि बुशाची भिंत मोजायला लागले, म्हणजे आतल्या गोलाईवर गोळी टेकेल आणि माप खरं येईल. (गोळीचं माप नंतर वजा करायचं.) डाग जिथे, तिथे भिंत ३.९७. दोन डागांच्या मधोमध ४.०२. पुढच्या डागावर पुन्हा ३.९७. सगळा बुश असा, सगळे एकशेवीस बुश असे.

झालं होतं ते असं. तीन जबड्यांनी पातळ बुश तीन ठिकाणी आत दाबला. त्या दबलेल्या अवस्थेत टूलने भोक अगदी गोल कापलं. दबलेल्या जागी धातू जास्त निघाला, मधल्या फुगलेल्या जागी कमी. चक सोडल्यावर बुश स्प्रिंगसारखा मूळ आकाराला आला. बाहेरून पुन्हा गोल, आणि आतलं गोल भोक झालं तीन पाकळ्यांचं. आता तीन पाकळ्यांच्या आकाराची बदमाशी बघा. एका बाजूला पाकळी असते तेव्हा बरोबर समोर दोन पाकळ्यांमधला उंचवटा येतो. एक खोल, एक वर. बेरीज तीच. त्यामुळे समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर कुठूनही मोजा, सारखंच येतं. दोन बिंदूंनी मोजणारं कुठलंही हत्यार या आकाराला फसतं. गोल शाफ्ट मात्र फसत नाही, तो त्या तीन उंचवट्यांवर अडतो.

साधा पन्नासचा प्लग गेज कारखान्यात असता तर पहिल्याच नगाला कळलं असतं. विल्यम टेलर नावाच्या इंग्रज माणसाने १९०५ सालीच हे तत्त्व मांडून ठेवलं आहे, की "आत जातो का" हे बघणारा गेज पूर्ण आकाराचा हवा. मी ते कॉलेजात पाठ करून मार्कही मिळवले होते.

मिस्त्रींनी नवीन बुश केले ते एक चिरलेली रिंग करून. जाड रिंग, आतून बुशाच्या बाहेरच्या मापाची, एका बाजूने करवतीने चिरलेली. बुश रिंगमध्ये, रिंग चकमध्ये. जबडे दाबतात रिंगला, रिंग बुशाला सगळीकडून सारखी कवटाळते. शिवाय शेवटचा कट घेण्याआधी चावी जराशी ढिली करून पुन्हा हलक्या हाताने लावायची. एकही नग परत आला नाही. मी मालकांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, कळलं." कापलेला पगार त्यांनी काढून दिला, तो मी पाकिटात घालून ठेवला आणि त्या पोराच्या पत्त्यावर दोनदा गेलो. खोली सोडून तो गावी गेला होता. गाव कुठलं ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. पुढे कितीतरी महिने ते पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

तर, फोर-जॉवर शिकलो असतो तर हे टळलं असतं का? प्रामाणिकपणे सांगतो, खात्री देता येत नाही. मी शिकलो होतोच की, आणि तरी आवळ म्हणालो. पण माझं शिक्षण एका आठवड्याचं होतं, नंतर माझ्या हातात फाइल आली. ज्याने तीन महिने रोज काट्यासमोर धातू दबताना पाहिला आहे, त्याच्या मनगटाला आपोआप कळतं की चार मिलिमीटरच्या भिंतीला किती जोर द्यायचा. हे पुस्तकातून सांगता येत नाही. टॉर्क मोजून सांगता येतं, पण आपल्याकडे चकच्या चावीला टॉर्क मोजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझा भागीदार म्हणतो, "तुझं ते फोर-जॉ पुराण म्हणजे मुलांना मोटार शिकवायच्या आधी बैलगाडी हाकायला लावण्यासारखं आहे." त्याचं काही अंशी पटतं. सीएनसीवर हायड्रॉलिक चक असतो, पायाने पेडल दाबलं की धरतो. त्यावर सॉफ्ट जॉ लावतात, म्हणजे मऊ पोलादाचे जबडे, जे त्याच मशिनवर, जॉबच्या मापाला, दाब देऊनच बोअर करून घ्यायचे. मग मध्य एक-दोन शतांशात येतो आणि हजार नग सारखे निघतात. बारच्या कामाला कॉलेट असतात. चिरे पाडलेली स्प्रिंग स्टीलची ती नळी कोनात ओढली की बारला सगळ्या बाजूंनी मिठी मारते, माप तेवढं ठरलेलं हवं. हजार नगांच्या ऑर्डरीत फोर-जॉ लावणाऱ्याला मीच कामावरून काढीन.

पण त्याच सीएनसीची एक गोष्ट या मुलांना माहीत नसते. चक फिरतो तेव्हा जबडे स्वतःच्या वजनाने बाहेर फेकले जाऊ लागतात. वेग दुप्पट केला की हा बाहेरचा ओढा चौपट. म्हणजे उभ्या मशिनला जी पकड होती ती पूर्ण वेगात राहत नाही, बरीच कमी होते. म्हणून प्रत्येक चकवर जास्तीत जास्त वेग कोरलेला असतो. आमच्याकडे आलेल्या या पोराला मी विचारलं, "तिकडे दाब किती ठेवायचास?" म्हणाला, "जो सेट केलेला असायचा तो." पातळ जॉबला वेगळा, भरीव जॉबला वेगळा, असं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे पुन्हा तेच. माझ्या "आवळून धर"ची जागा आता एका आकड्याने घेतली आहे, एवढाच बदल.

आयटीआयच्या टर्नर ट्रेडला दोन वर्षं असतात आणि फोर-जॉ त्या अभ्यासक्रमात आहे, नाही असं नाही. पण वर्षातून चार वेळा हात लावणं आणि हात बसणं यात फरक आहे. हात बसवायचा तर कुणीतरी शेजारी उभं राहून जॉबला धक्का मारून "आता परत" म्हणावं लागतं. त्या माणसाचा पगार कुणाच्या हिशेबात बसत नाही. आमच्याही बसत नाही. म्हणून सध्या ते काम मी करतो, दुपारच्या चहानंतर.

लेथ जुना आहे, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा एंटरप्राइझ. १९४१ साली सुरू झालेली ती कंपनी बंद पडली, तिचे लेथ मात्र गावोगावी चालू आहेत. पहिल्या दिवशी पोराला मी एकच नियम सांगितला, मिस्त्रींनी मला सांगितलेला. चावी चकमध्ये असेपर्यंत हात चावीवरून काढायचा नाही. नाक खाजलं तरी आधी चावी बाहेर, मग नाक. चावी राहिली आणि मशिन सुरू झालं तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते.

त्याने पहिल्या दिवशी कास्टिंग खरं करायला दीड तास घेतला. चाळीस दिसलं तेव्हा चाळीसनेच ढकललं, हे वेगळं सांगायला नको. काल पस्तीस मिनिटांवर आला. काटा दोन शतांशाच्या आत झोपवला, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग त्याने कुणी न सांगता चारही जबडे पुन्हा एकदा हलकेच आवळले, काटा परत बघितला आणि स्वतःशीच म्हणाला, "अरे, हा तर चेपतोय."

मी चहाचा पेला खाली ठेवला, जबडा ढिला केला आणि कास्टिंगला धक्का मारला.